हवालदाराची दुर्बीण

अकोले तालुक्यातल्या चिंचदऱ्यात रानडुकरं पिकात शिरली, की लोक आधी रंभाजी हवालदाराच्या दारात यायचे आणि मग देवाला नारळ फोडायचे. रंभाजी महार रेजिमेंटमधून निवृत्त होऊन गावी आलेला, एकाहत्तरची लढाई पाहिलेला माणूस. पीकसंरक्षणाच्या परवान्याची रायफल आख्ख्या दऱ्यात त्याच्या एकट्याकडे होती. दस्त्याचं लाकूड त्यानं तासून हलकं करून घेतलं होतं, कारण डोंगर चढायचा तर खांद्यावर बोजा नको. फॉरेस्टची लेखी परवानगी असल्याशिवाय तो गोळी भरत नसे, आणि भरली की ती वाया जात नसे. लोक म्हणायचे, हवालदार वर गेला की खाली पंचनाम्याचा कागद तयार ठेवावा.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. भुईमूग काढणीला आला होता आणि डुकरांनी वरच्या अंगाची वावरं नांगरल्यासारखी उकरून टाकली होती. रंभाजीचा शेजारी बन्सी आपल्या तुकड्यात राखणीला बसायचा. एका पहाटे, नुकतं दिसायला लागलं होतं तेव्हा, रंभाजी रायफल घेऊन वरच्या बांधावर आला. खाली खडकाच्या कडेला काळं धूड त्याला दिसलं. पाठीचा उंचवटा, खाली घातलेलं तोंड. डुक्कर शेंगा खात होतं. रंभाजीनं गुडघा टेकला, श्वास धरला आणि घोडा दाबला.

आवाज डोंगरावर आपटून परत आला. डुक्कर जागचं हललं नाही. पडलंही नाही.

रंभाजी खाली उतरला. जवळ गेल्यावर त्याला कळलं. खडकावर बन्सीची घोंगडी टाकलेली होती आणि तिच्या बरोबर मधोमध बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.

तेवढ्यात ओढ्याकडून बन्सी आला. हातात टमरेल. त्यानं घोंगडी उचलून उजेडाकडं धरली, भोकातून रंभाजीकडं पाहिलं आणि हसायला लागला.

"हवालदार, माझी घोंगडी काय शेंगा खात हुती व्हय?"

दिवस वर येईपर्यंत गोष्ट गावभर झाली. बन्सी घोंगडी खांद्यावर टाकून ज्याच्या त्याच्या ओट्यावर गेला, भोक दाखवलं, पुन्हापुन्हा तीच कथा सांगितली. "रायफलीची माशी हालली, दुसरं काय. जुनी झाली बिचारी." नळीच्या टोकावरच्या त्या खुंटीला, जिच्यावरून नेम धरायचा, तिला माशी म्हणतात. माशी हालली म्हणजे दोष बंदुकीचा. लोक हसले. रंभाजीही हसला. हसावंच लागलं.

घरी आल्यावर बायकोनं, भागिरथीनं, चहा पुढं ठेवला. बशी उचलताना रंभाजीच्या हातातून अर्धा चहा सांडला.

"थंडी भरली का काय तुमाला?" भागिरथी म्हणाली.

"पहाटंचं गार हुतं वर."

भागिरथीनं फडक्यानं जमीन पुसली. रंभाजीच्या डोळ्यांपुढून मात्र तो खडक हलेना. घोंगडी गरम होती. हात लावला तेव्हा लागली होती गरम. म्हणजे माणूस नुकताच उठून गेला होता. बन्सीला ओढ्याकडं जायची निकड जराशी उशिरा झाली असती तर, याच्या पुढं त्याचा विचार जात नव्हता. तिथं आला की थांबायचा आणि मागं फिरायचा.

रायफलीची माशी हालली नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गोळी त्यानं जिथं धरली तिथंच लागली होती. हाललं होतं ते दुसरंच काही.

वर्षभर झालं होतं. उजव्या डोळ्यापुढं धुकं यायला लागलं होतं. आधी वाटलं, चुलीचा धूर. मग वाटलं, वयाचं असेल. दिव्याभोवती खळं दिसायचं. लांबून येणारा माणूस चालीवरून ओळखायचा, तोंडावरून नाही. रंभाजीनं कुणाला सांगितलं नाही, कारण त्याला ही वाट ठाऊक होती. त्याचा बाप भीमा याच वाटेनं गेला होता. आधी धूसर, मग अंधुक आणि मग काहीच नाही. बापाच्या काठीचं एक टोक बापाच्या हातात आणि दुसरं आपल्या हातात, असं रंभाजीचं अर्धं लहानपण गेलं होतं. पलटणीत भरती व्हायला निघाला त्या दिवशी बापानं त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला होता.

हे आपल्या घराण्यात आहे, असं रंभाजीनं मनाशी धरून ठेवलं होतं. आणि एकदा मनात धरलेली गोष्ट तो सहसा सोडत नसे.

संध्याकाळी बन्सी पुन्हा आला. तंबाखू मळत ओट्यावर बसला.

"हवालदार, मी काय म्हंतो, तुमी रायफलीवर दुर्बीण बसवा."

"कशाला?"

"आता माशी काय सुधरायची न्हाई. नगरला बंदुकीच्या दुकानात दुर्बिणी भेटत्यात म्हनं. लांबचं जवळ दिसतं. डुकराच्या मिशा मोजाव्यात इतकं."

 ते रंभाजीच्या मनात बसलं. लांबचं जवळ दिसतं. मग धुक्यातलंही दिसेल. डोळ्याचं जे जायचं ते जाईल, पण तोवर निदान घोंगडीला घोंगडी म्हणून ओळखता येईल. त्याला एकदम हलकं वाटलं. उपाय डोळ्याचा नव्हता, पण बंदुकीचा तरी होता.

"लई महाग नसंल तर बघू," तो म्हणाला.

"मी येतो संगं," बन्सी म्हणाला. "मला बी नगरला काम हाय." काय काम, ते त्यानं सांगितलं नाही.

पहिल्या गाडीनं ते निघाले. संगमनेरला गाडी बदलली. रायफल गवसणीत, परवाना खिशात. बन्सी खिडकीत बसून वाटेतले बोर्ड मोठ्यानं वाचत होता, जसा पहिल्यांदाच बाहेर पडला असावा. मधूनच विचारायचा, "ते काय लिवलंय हो हवालदार?" रंभाजी म्हणायचा, "गाडी लई हालतीया."

दुकान कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. मालक अब्राहाम साळवे, सत्तरीकडं झुकलेला, उंच, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेला माणूस. लष्करातल्या साहेबांच्या बंदुका दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. त्यानं रायफल गवसणीतून काढली, रिकामी आहे याची आधी खात्री केली आणि मग हातात तोलून पाहिली.

"लाकूड कुणी तासलं?"

"मीच."

"चांगलं तासलंय. ही डोंगरात चालायची बंदूक झाली." बन्सीनं दुर्बिणीचं सांगितलं तसं त्यानं काउंटरवर हिरवं कापड पसरलं आणि त्यावर तीन दुर्बिणी ठेवल्या.

एक मोठी, चकचकीत, पुढचं भिंग वाटीएवढं. दुसरी लांबलचक, जुनी, लष्करी धाटणीची, वजनानं वरवंट्यासारखी. तिसरी एवढीशी, वितीपेक्षा थोडी मोठी, अंगावर ओरखडे पडलेली.

बन्सीनं मोठीवर बोट ठेवलं. "हीच घ्या."

"कुठं वापरणार?" अब्राहामनं विचारलं.

"दऱ्यात," रंभाजी म्हणाला. "झाडीत. हाकंच्या टप्प्यात. त्याच्या पल्याड दिसतंच न्हाई काही."

"मग ही मोठी काय कामाची? झाडीत हिच्यातून बघणं म्हणजे उघडी खिडकी सोडून दाराच्या फटीतून बघणं. डुकराचा कान दिसेल, पण डुक्कर कुठं आहे ते हुडकेपर्यंत ते पलीकडच्या गावात गेलेलं असेल. शिवाय एवढी चांगली हलकी केलेली बंदूक, तिच्या डोक्यावर पाटा ठेवायचा?" त्यानं लांबलचक दुर्बिणीकडं मान हलवली. "हिचं तर विचारूच नका. हिला डोळा चिकटवावा लागतो. बार झाला की सरळ भुवईवर बसते. माझ्याकडं टाके घातलेली माणसं येतात आणि म्हणतात, अब्राहाम, ही परत घे."

"आन ही बारकी?"

"ही अडीच पट मोठं दाखवते, फक्त अडीच. पण समोरचं सगळं रान हिच्यात मावतं. चार बोटं लांबून डोळा लावला तरी चित्र पूर्ण दिसतं. वापरलेली आहे, म्हणून स्वस्त आहे. आतलं भिंग मात्र मी स्वतः तपासलंय. बघा."

त्यानं ती रंभाजीच्या हातात दिली आणि दुकानाच्या दारातून समोर बोट केलं. गल्लीच्या पलीकडं, जरा पुढं, एका शिंप्याचं दुकान होतं. "त्या बोर्डावर काय लिहिलंय वाचा."

रंभाजीनं उजव्या डोळ्याला दुर्बीण लावली. बोर्ड दिसला. निळ्यावर पांढरं काहीतरी. जणू कुणी ओल्या फडक्यानं अक्षरं फिरवून पुसली होती.

"काच पुसायला झाली," तो म्हणाला.

अब्राहामनं दोन्ही बाजूंनी भिंगं पुसून दिली. रंभाजीनं पुन्हा पाहिलं आणि ती ठेवून मोठी उचलली. मोठीतून धुकंही मोठं झालं. लांबलचक दुर्बीण लावली, तीही तशीच.

"तिन्ही काचा खराब हायेत तुमच्या," रंभाजी म्हणाला. आवाज चढला होता. "पाक बुरशी चढल्याली हाय आतून."

बन्सी खाली बघत होता. अब्राहामला राग आला नाही. तो रंभाजीच्या तोंडाकडं पाहत राहिला, मग काउंटरच्या बाहेर येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला.

"हवालदारसाहेब, डावा डोळा लावा."

"डाव्यानं मी कधी नेम धरला न्हाई."

"नेम धरू नका. नुसतं बघा."

 समोरचा माणूस हुकूम देत नव्हता, नुसता वाट बघत होता. रंभाजीनं ती छोटी दुर्बीण डाव्या डोळ्याला लावली.

'मनोहर टेलर्स. सफारी व शाळेचे ड्रेस.' खाली बारीक अक्षरात, 'दिवाळीच्या ऑर्डरी घेणे बंद आहे'. अक्षराच्या कडेला रंगाचा ओघळ उतरला होता, तोही दिसला. दारात उभ्या असलेल्या शिंप्याच्या गळ्यातली टेप दिसली.

त्यानं दुर्बीण खाली घेतली आणि काउंटरवर, कापडाच्या अगदी मधोमध, जपून ठेवली.

"माझं पण असंच झालं होतं," अब्राहाम म्हणाला. "गेल्या साली. महिनाभर मी दुकानातल्या दुर्बिणींची भिंगं पुसत होतो. शेवटी बायको म्हणाली, एकदा डोळा पण पुसून बघा. आज मी तुम्हाला दुर्बीण विकणार नाही. आधी डोळा दाखवून या."

"दाखवून काय हुनार?" रंभाजी म्हणाला. "मला म्हाईत हाय काय झालंय ते. आमच्या बापाला हेच झालं. त्याला इलाज नसतो."

बन्सीनं मान वर केली. इतक्या वर्षांत हवालदाराच्या मनात हे आहे, ते त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"इलाज नसतो, हे कुणी सांगितलं?" अब्राहामनं विचारलं.

 कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. बापाला कुणी दाखवलंच नव्हतं. आणि त्यानं स्वतः कधी कुणाला विचारलं नव्हतं.

अब्राहामनं सांगितलेला मिशनचा दवाखाना रिक्षानं जाण्याइतका लांब होता, पण ते चालत गेले. रंभाजीला घाई नव्हती. रायफल अब्राहामनं आपल्या कपाटात कुलूपबंद ठेवून घेतली होती, त्यामुळे हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं ते त्याला समजत नव्हतं.

डोळ्याच्या डॉक्टरीण बाईंचं नाव एस्तेर. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. डोळ्यात थेंब घालून त्यांनी त्याला बाकावर बसवून ठेवलं, मग अंधाऱ्या खोलीत नेलं. हनुवटी टेकवा, समोर बघा, वर बघा, खाली बघा. डोळ्याचा दाब मोजला. रंभाजी कवायतीतल्यासारखा ताठ बसला होता. लढाईत त्याला भीती वाटली होती, पण तिथं धावायला जागा होती.

बाईंनी दिवा लावला.

"उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आजोबा. चांगला पिकलाय. डाव्यात नुकता सुरू झालाय, त्याची घाई नाही."

"म्हंजी जानार का डोळा?"

"जाणार कशानं? छोटं ऑपरेशन करून आतलं खराब झालेलं भिंग काढायचं आणि नवीन बसवायचं. बाकी डोळा ठणठणीत आहे. दाब चांगला आहे, मागचा पडदा जेवढा दिसतो तेवढा चांगला दिसतोय."

रंभाजीला ते नीट ऐकू आलं होतं, तरी त्यानं पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, शब्द न बदलता.

"आमचा बाप आंधळा झाला हुता," तो म्हणाला. "पन्नाशीतच. हळूहळू. म्हनून मला वाटलं..."

"त्यांचे डोळे कसे दिसायचे? आठवतं का?"

आठवत होतं. दुसरं काही आठवत नसलं तरी ते आठवत होतं. "बुबुळं पांढरी झाली हुती. कवडीवानी."

डॉक्टर एस्तेर लिहिता लिहिता थांबल्या. "मग बहुतेक त्यांचाही मोतीबिंदूच होता. आता नक्की सांगता येणार नाही. पण असे डोळे बहुतेक वेळा मोतीबिंदूचेच असतात."

"म्हंजी त्याचा बी निघाला असता?"

"त्या काळी तिकडं डोंगरात कोण येणार होतं काढायला," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

रंभाजी बाहेर आला. थेंबांमुळं उन्हाची तिरीप सहन होत नव्हती. व्हरांड्यातल्या बाकावर बन्सी केळी घेऊन बसला होता. रंभाजी त्याच्या शेजारी टेकला आणि त्याचे डोळे वाहायला लागले. औषधानं वाहतायत असं म्हणता आलं असतं. आपला चेहरा चाचपणारा बापाचा हात त्याला आठवत होता आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटत होतं. दोन्ही एकदमच. पण धोंडा गेल्याचं जास्त.

"मोतीबिंदू हाय," तो शेवटी म्हणाला. "निघतो."

"बरं झालं," बन्सी म्हणाला. त्यानं केळं सोलून त्याच्या हातात दिलं.

"बन्शा, त्या दिवशी माशी हालली नव्हती."

"म्हाईत हाय."

"मला डुक्कर दिसलं. तू हुतास तिथं बसल्याला, थोडा आधी."

"म्हाईत हाय म्हनलं ना," बन्सी म्हणाला. "घोंगडीच्या मधोमध गोळी मारनाऱ्याची माशी हाललीया, हे मी येडा हाय का मानायला? ओढ्यात बसलो हुतो तवा पाय थरथरत हुते माझे. वर आलो आन तुमचं तोंड बघितलं. तुमचं माझ्यापरीस वाईट झालं हुतं. मग काय करनार, हसलो."

"अन गावभर सांगत फिरलास."

"मी सांगितलं म्हनून माशीचं झालं. दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर डोळ्याचं झालं असतं. परवाना काढून घ्या म्हनले असते लोक. तुमाला दुर्बीण बघायला आनलं, म्हनलं दुकानदार तरी वळखंल. मी म्हनलो असतो डोळा दाखवा, तर आला असता का तुमी?"

"न्हाई," रंभाजी म्हणाला.

"मग?"

रंभाजीनं केळं खाल्लं. इतकं गोड केळं बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं.

ऑपरेशनला भागिरथी बरोबर आली. रागावलेली होती. डोळा खराब झाल्याचा तिला राग नव्हता, तिला वर्षभर सांगितलं नाही याचा होता. "घरात येक बाई हाय हे तरी दिसत हुतं का तुमाला?" एवढंच ती म्हणाली आणि मग त्याच्या उशाशी बसून राहिली. पट्टी सोडली तेव्हा रंभाजीला पहिल्यांदा तिचा हात दिसला, कारण तिनं तो समोर खाटेच्या पायथ्याशी टेकवला होता. मनगटापासून वर गेलेलं हिरवं गोंदण, तुळशीची पानं, एकेक ठिपका सुटा. वयानं ते पुसून गेलं असं तो समजत होता. एक पानही कमी झालं नव्हतं.

"काय बघताय?" भागिरथीनं विचारलं.

"हात बघतोय."

"हातात काय बघायचं?" ती म्हणाली, पण हात तिथंच ठेवला.

डॉक्टर एस्तेर यांनी बंदुकीचं नाव काढू नका म्हणून बजावलं. दोनदा तपासणीला गेल्यावर, हरभरा घाटे धरायला लागला तेव्हा, आता हरकत नाही म्हणाल्या. "मला विचाराल तर सोडूनच द्या. पण विचारणार नाही तुम्ही," असं म्हणून त्या पुढच्या पेशंटकडं वळल्या.

दवाखान्यातून रंभाजी बन्सीला घेऊन अब्राहामकडं गेला. रायफल इतके दिवस त्याच्याच कपाटात होती. ती घेऊन रंभाजी दुकानाच्या मागच्या अंगणात गेला, भिंतीपलीकडच्या चिंचेवर नेम धरला. चिंच दिसत होती, तिच्या शेंड्यावरचा कावळा दिसत होता, पण नळीच्या टोकावरची माशी धूसर. एकीच्या दोन झालेल्या. घोड्याजवळची खाच तर दिसतच नव्हती.

तो आत आला. "परत आलं," म्हणाला. तोंड उतरलं होतं.

अब्राहामनं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "परत काही आलं नाही. नवीन भिंग लांबचं बघायला बसवलंय. आपल्या जुन्या भिंगासारखं ते जवळ-लांब करत नाही. वाचायला चष्मा लागतोय ना?"

"लागतोय."

"मग माशी जवळच आहे की. मलाही दिसत नाही. म्हणूनच तर दुर्बीण. तिच्यात नेमाची रेघ आणि डुक्कर, दोन्ही एकाच अंतरावर दिसतात. डोळ्याला मागं-पुढं करावं लागत नाही." त्यानं पुन्हा हिरवं कापड पसरलं. "आता मी विकतो. कुठली देऊ?"

रंभाजीनं तिन्ही पाहिल्या, यावेळी सावकाश. मोठीतून चिंचेचं एकेक पान दिसलं, पण कावळा सापडेना. सापडला तोवर उडून गेला. लांबलचक त्यानं उचललीच नाही. नव्या डोळ्याशेजारी ते लोखंड नको होतं. छोटी दुर्बीण हातभर लांबून डोळ्यापाशी आणली, चार बोटांवर थांबवली, आणि आख्खं झाड, भिंत, भिंतीवरची मांजर, सगळं एकदम आत आलं.

"हीच," तो म्हणाला.

"हिच्यातून बघताना दुसरा डोळा मिटू नका," अब्राहाम म्हणाला. "दोन्ही उघडे ठेवा. एका डोळ्यानं नेम, दुसऱ्यानं आजूबाजूला कोण आहे ते. हलकी दुर्बीण याच्यासाठी घ्यायची."

बसवून झाल्यावर रंभाजीनं रायफल तोलून पाहिली. जड झाली होती, पण खांद्याला खुपेल इतकी नाही. बन्सी म्हणाला, "येवढीशीच का घेतली?" सांगूनही त्याला पटलं नाही. वाटेत तो दोनदा म्हणाला, मोठी घ्यायला पायजे हुती.

गावी आल्यावर रंभाजीनं आधी कोरड्या ओढ्याच्या दरडीवर पत्र्याचा डबा ठेवून गोळ्या मारून पाहिल्या. अब्राहामनं दाखवलेले स्क्रू फिरवत फिरवत नेम बसवला. मग फॉरेस्टची परवानगी आली आणि हरभऱ्याच्या वावरांखालच्या घळीत हाका ठरला. भर दुपारचा. बायकामाणसं पत्रे बडवत वरून उतरायची आणि रंभाजी खालच्या तोंडाशी बसायचा. निघताना भागिरथी म्हणाली, "जपून." याआधी कधी ती असं म्हणाली नव्हती.

तो पळसाच्या बुंध्याला टेकून बसला. वरून पत्र्यांचा आवाज यायला लागला. घाणेरीचं जाळं हललं आणि डुक्कर बाहेर आलं. मोठं होतं. पाठीवरचे राठ केस उभे, सुळ्याला माती चिकटलेली. यात चूक होण्यासारखं काही नव्हतं. रेघ खांद्याच्या मागं बसली. बोट घोड्यावर गेलं.

तेवढ्यात डाव्या डोळ्याला, डुकराच्या बरोबर मागं, झाडीत पिवळं काहीतरी दिसलं. लुगडं. पत्रे बडवणाऱ्यांतली छबूबाई बाकीच्या हाकाऱ्यांच्या पुढं निघून खाली उतरली होती.

रंभाजीनं बोट काढून घेतलं. डुक्कर क्षणभर उभं राहिलं, जसं त्यालाही नवल वाटलं असावं, आणि ओढा ओलांडून करवंदीत दिसेनासं झालं.

बन्सी धापा टाकत खाली आला. "काय झालं? गोळी कामून न्हाई सुटली?"

"मागं छबूबाई हुती."

"कुठं?"

रंभाजीनं बोट केलं. छबूबाई आत्ता कुठं झाडीतून बाहेर पडत होती, पत्रा काखेत धरून, कुसळं झटकत. बन्सीनं तिच्याकडं पाहिलं, मग रंभाजीकडं पाहिलं. दुर्बिणीबद्दल तो काही बोलला नाही.

"तुमाला दिसली ती? येवढ्या लांबनं?"

"दिसली की. लुगड्याचा काठ बी दिसला."

लोक जमले, थोडी कुरकुर झाली. हाका फुकट गेला, डुक्कर सुटलं, आता पुन्हा जमायचं म्हणजे कामाचा खोळंबा. छबूबाईला मात्र काय चाललंय तेच कळलं नव्हतं, ती सगळ्यांना विचारत होती की डुक्कर गेलं कुठल्या अंगानं. रंभाजीनं रायफल रिकामी केली.   तो ऐकत होता आणि हसत होता, आणि ते हसू त्याला आवरेना.

डुक्कर आठवड्याच्या आतच पुन्हा आलं. त्या सकाळी मागं फक्त उघडा माळ होता. एकच गोळी लागली. फॉरेस्टचा गार्ड पंचनामा करून गेला आणि हरभरा राहिला तेवढा राहिला.

घरी भागिरथीनं त्याला ओट्यावर बसवलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं आणि डोळा निरखून पाहिला.

"धक्का बसला का?"

"न्हाई. चार बोटं लांब असती दुर्बीण."

"लाल दिसतोय जरासा."

"ऊन हुतं."

"बसा मग सावलीत," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. रंभाजी सावलीला सरकला. पलीकडच्या बांधावरून बन्सी येत होता, त्याचं तोंड लांबूनच ओळखू येत होतं. काहीतरी खात येत होता, बहुतेक हरभऱ्याचे घाटे.

"येक कप वाढीव टाक," रंभाजीनं आत आवाज दिला.